दिवस मावळायच्या आत

खिडकीतला उजेड गेला आणि श्रद्धाच्या लक्षात आलं, आजही जेवण हुकलं. दिवस मावळल्यावर या जैन घरात कुणी पाण्याचा घोटही घेत नाही. लग्नानंतर सासूबाईंबरोबर मंदिरात जाऊन तिनंही तो नियम घेतला होता, आणि अगदी मनापासून. पण नियम घेताना कोण मंगळावरच्या मीटिंगा हिशेबात धरतं?

समोर स्क्रीनवर मंगळ होता. कधीकाळी ज्वालामुखीतून वाहून आलेला काळा खडक, वाऱ्यानं तासून एका अंगाला कललेला. मधल्या खोलगटात वाळूच्या लाटा. परदेशातल्या एका संस्थेची गाडी तिथं फिरत होती आणि तिनं उद्या कुठून जायचं, हे श्रद्धानं इथं माधवनगरात घरी बसून सांगायचं. गाडी वाळूत रुतली तर ओढून काढायला तिथं ट्रॅक्टर थोडाच आहे! ही चर्चा नेमकी जेवणाच्या वेळी सुरू व्हायची. हल्ली श्रद्धाला भोवळ यायची. काल तर तिनं वाळूला खडक म्हटलं. सहकाऱ्यानं सावरून घेतलं म्हणून निभावलं.

सासूबाई, गुणमालाबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात पंगतीला उशीर झाला, तर बाई उपाशीच घरी आल्या होत्या.

"आत्ती, मी हे काम सोडते," श्रद्धा म्हणाली. "नियम मोडवत नाही आणि उपाशीपोटी डोकं चालत नाही. थकले मी. आजच कळवून टाकते त्यांना."

बोलता बोलता तिला रडू फुटलं. या कामासाठी ती किती वर्षं शिकली होती.

गुणमालाबाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि स्क्रीनजवळ वाकून पाहिलं. खडकांच्या सावल्या पायाशी गोळा झाल्या होत्या.

"ह्ये कवाचं?"

"मघाचंच. तिथं अजून दुपार आहे."

"आन् तू दिसभर तिथंच असतीस, न्हवं?"

"हो."

बाई वळल्या. आता बोलणी खायची, असं समजून श्रद्धा डोळे पुसत बसली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. बाई परत आल्या त्या उजेडातच वाढून ठेवलेलं तिचं ताट घेऊन.

"आवं आत्ती, दिवस मावळलाय की!"

"माझा मावळलाय," ताट तिच्यापुढं सरकवत त्या म्हणाल्या. "तुझा अजून डोक्यावर हाय. जेव."