म्हशीवरून अबोला

दुधाच्या नोंदीखाली केसरबाईंचा शेरा होता, ‘घरात दोन मानसं. लिटरभर दूध कोन पेते?’

त्याखाली लगेच पुंडलिकरावांचं उत्तर, ‘म्हैस असती त इकत घ्या लागलं नसतं, हे मले मालूम आहे. तो विषय पुन्हा काढू नये.’

नागपुरात मोबाईलवर हे वाचून उर्वशीने कपाळाला हात लावला. "अहो, पांढुर्ण्याला आई-बाबांना फोन लावा," ती नवऱ्याला, भूपेंद्रला म्हणाली. "आज पुन्हा म्हैस निघाली."

खर्चाचं हे ॲप घरात आणलं उर्वशीनेच. बगीच्यातल्या संत्र्याचे पैसे, सासूबाईंच्या औषधाची बिलं, नागपूरचं घरभाडं, सगळं एका ठिकाणी दिसावं म्हणून तिने चौघांच्याही फोनमध्ये ते घालून दिलं. प्रत्येक खर्चाखाली शेरा लिहायला छोटी चौकट होती. लोक तिथे फार तर ‘किराणा’ असं लिहितात. तिच्या सासू-सासऱ्यांनी तिथे भांडणाचा अड्डा केला.

त्याला कारण होतं. केसरबाईंची म्हैस त्यांच्या माहेरची, बोरगावहून आलेली. पोळ्याच्या तोंडावर पुंडलिकरावांनी ती न विचारता विकली. हिचे गुडघे दुखतात, शेण-चारा कोण करणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खरं होतं, पण विचारलं नव्हतं हेही खरंच. केसरबाईंनी त्या दिवसापासून नवऱ्याशी अबोला धरला. जेवण वाढून झालं की त्या ताटावर चमचा वाजवत आणि पुंडलिकराव निमूटपणे येऊन बसत.

भूपेंद्र हसायचा. घरोघरी मातीच्या चुली, म्हणायचा. उर्वशीला मात्र हसू येत नसे. एवढ्या मोठ्या घरात दोनच म्हातारी माणसं, उद्या एक न्हाणीत पडलं तर दुसऱ्याला हाक कशी मारणार? तिचे स्वतःचे आईवडील आता नव्हते. आईबाप म्हणून हीच दोन उरली होती, आणि ती तिला बोलती हवी होती.

आधी पांढुर्ण्याला फोन रविवारी व्हायचा, तोही कधी कधी राहून जायचा. शेऱ्यांची भांडणं सुरू झाल्यापासून मात्र भूपेंद्रला रोज संध्याकाळी मध्यस्थी करावी लागे. पहिल्याच रिंगला केसरबाई फोन उचलत.

"आई, तू बोलून टाक न एकदा बाबांशी."

"मी कायले बोलू? म्हैस इकतानी ते बोलले होते का माह्याशी?"

एवढी तक्रार झाली की गाडी दुसरीकडे वळे. तुझा खोकला गेला का, उर्वशी डबा नेते का, संत्र्याला यंदा फळ बरं धरून राहिलं, शेजारच्या अलकाच्या मुलीचं जमलं. मग फोन बाबांना द्यायचा म्हणजे त्यांच्या हातात नाही, नुसता बाजेवर ठेवायचा. पुंडलिकराव तो उचलत आणि आपली बाजू मांडता मांडता अर्धा तास गावाच्या गोष्टी सांगत. फोन ठेवताना भांडण कशावरून होतं हे भूपेंद्रलाही आठवत नसे.

दिवाळीत दोघं पांढुर्ण्याला गेली आणि उर्वशीने हट्टाने समेट घडवला. केसरबाईंनी नवऱ्याच्या पानात अनारसा वाढला आणि "घ्या" म्हणाल्या. उर्वशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर नोंदी अगदी शहाण्यासारख्या येऊ लागल्या. दूध. साबण. सौंसरची बस, दोन तिकिटं. समोसे, दोन प्लेट. बाबा शेजारच्या विनोदला घेऊन बाजाराला जात असतील, असं उर्वशीने धरलं. मिटवायला काही उरलं नाही तसे फोनही कमी झाले. भूपेंद्रला कामाचा रेटा होता. उद्या करू, उद्या करू, असं करता करता आठवडे गेले.

आणि एका संध्याकाळी ‘तंबाखू’ अशी नोंद आली. खाली केसरबाईंचं, ‘डाक्टरनं नाई म्हटलं तरी?’ त्याखाली पुंडलिकरावांचं, ‘ज्याले आपल्याशी बोलाचं नाई त्यानं आपल्याले शिकवू नये.’

झालं, ये रे माझ्या मागल्या! पुन्हा रोजचे फोन, पुन्हा समजुती. दुधावरून भांडण, दिव्यावरून भांडण, एकदा तर चपलेच्या अंगठ्यावरून.

उर्वशीला ते सोसेना. शनिवारी सुट्टी होती. कोणाला न कळवता ती दुपारच्या गाडीने निघाली. या वेळी दोघांना समोरासमोर बसवून कायमचं बोलतं करायचं, त्याशिवाय परतायचं नाही, हे तिने गाडीतच ठरवलं होतं. काय बोलायचं तेही मनात घोळवून ठेवलं होतं. पांढुर्ण्याला उतरून ती घराशी पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती.

फाटकाच्या कडीला हात घातला आणि ती थांबली. ओसरीतून बोलण्याचा आवाज येत होता. कोणी पाहुणे आले असावेत, तिला वाटलं. मग हसणं ऐकू आलं. ते सासूबाईंचं होतं.

ओसरीत एकाच बाजेवर दोघं टेकून बसली होती. दोघांचेही फोन पुंडलिकरावांच्या मांडीवर होते. चष्मा नाकावर सरकवून ते विचारत होते, "बोल, आज काय लेहू? दूध झालं, तंबाखू झाला, चप्पल झाली."

"मिठावर लेहा. म्हणा, भाजीत जास्तच पडून राहिलं, म्हून पुडा सरला."

"अन् तुह्याकडून?"

"लेहा, रांधून घ्या आपल्या हातानं."

"जास्त नाई होत?"

"होऊ द्या."

पुंडलिकरावांनी एका फोनवर लिहिलं, मग दुसऱ्यावर. फाटकाशी उर्वशीच्या पर्समध्ये मोबाईल थरथरला, पाठोपाठ पुन्हा एकदा.

केसरबाईंनी शाल दोघांच्याही गुडघ्यांवर ओढून घेतली.

"ठेवा आता माहा फोन मधात," त्या म्हणाल्या. "वाजनच आता."