उलटं टोक

"साहेब, हे बसत नाही," पाइपाचं टोक आगीच्या बंबाला लावता लावता वाघमोडे म्हणाला.

चौकातल्या टाकीपासून तीनशे फूट पाइप अंथरून झाला होता. पण बंबाला लावायचं टोक टाकीपाशी राहिलं होतं, आणि टाकीचं टोक त्याच्या हातात. सकाळी पाइपाच्या घड्या त्यानेच घातल्या होत्या, लेकीच्या निकालाचे पेढे वाटत.

"फिरवा सगळा पाइप! पळा!" साहेब ओरडले. बंबातलं पाणी केव्हाच संपलं होतं. समोर छपराचा वासा कडाडून खाली आला.

जिचं घर जळत होतं ती बाई शेजारून भरलेली कळशी घेऊन धावत आली.

"घ्या दादा, एवढंच मिळालं. पुरेल ना?"

त्याने कळशी दोन्ही हातांनी घेतली.