गच्चीवरचा ठिपका

एकोणीसशे चौसष्टची गोष्ट. नवरा छोट्या विमानातून नकाशासाठी जमिनीचे फोटो काढायचा, बायको कचेरीत भिंगाखाली त्यांवरून घरं, रस्ते रेखायची. एकदा तिला स्वतःचीच गच्ची दिसली. गच्चीवर ठिपका होता. पुढच्या फोटोत तो कठड्याशी सरकला होता. ती चक्रावली. घरात तर फक्त सासूबाई, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. नवरा म्हणाला, “धूळ असेल गं काचेवर.” “धूळ चालते होय?” संध्याकाळी सासूबाईंचं अंग पुसताना तिला त्यांचे गुडघे सोललेले दिसले. “रोज रांगत चढते गच्चीवर,” त्या पुटपुटल्या. “विमान परतलेलं बघितल्याशिवाय घास उतरत नाही. त्याला सांगू नकोस, उगाच खाली बघत बसेल.” “त्यांचं कामच आहे ते, आई.” हसावं की रागवावं, तिला समजेना. पुढे सासूबाई गेल्या, नवरा निवृत्त झाला. अजूनही तो म्हणतो, “धूळच होती गं.” ती हो म्हणते.