अकरा हात

मोजणीचे साहेब फीत गुंडाळून उभे होते आणि शेजारच्या नेला काकीचा अजून पत्ता नव्हता. सिरिलुस तीनदा पाऊलवाटेपर्यंत जाऊन आला. शेजाऱ्यानं ‘हीच हद्द’ म्हटल्याशिवाय खुंटी ठोकता येत नाही. खुंटी नाही तर कागद नाही, आणि कागद नाही तर जकार्ताचं गिऱ्हाईक हातचं गेलं.

“अहो, जरा बसा की स्वस्थ,” साहेब म्हणाले. “म्हातारं माणूस, येईल सावकाश.”

स्वस्थ कसला बसतोय! त्याची नजर सारखी तांबड्या पानांच्या झुडपांकडे वळत होती. फ्लोरेस बेटाच्या या डोंगरात हद्द म्हणजे हीच झुडपं. आजोबा-पणजोबांनी लावलेली. त्यांना हात लावायला कोणी धजत नाही. सिरिलुस धजला होता. अकरा वर्षं, दर पावसाळ्यात एका रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये असताना त्यानं ती रांग उपटून हातभर पुढं, नेला काकीच्या जमिनीत रोवली होती. नशीबही कसं, झुडपं दरवेळी जगली. उन्हाळ्यात त्याची कॉफी वाळून कोळसा व्हायची, पण ही मात्र तांबडीलाल.

कारण एकच, रस्ता. येणार येणार म्हणता म्हणता यंदा तो खरंच टेकडीखाली आला. ती अकरा हातांची पट्टी नसती, तर सिरिलुसच्या जमिनीला रस्ता लागतच नव्हता आणि तिच्याकडे कुत्रंही फिरकलं नसतं. आता विकायची, मौमेरे शहर गाठायचं, तिथं पत्र्याचं का होईना दुकान टाकायचं. दोन्ही पोरं आधीच तिकडे गेली होती. इथं राहून काय, माकडं हाकायची?

“म्हातारीचा नवरा गेला, पोर नाही बाळ नाही, आणि तू तिच्याच जमिनीत शिरलास,” त्याची बायको मेर्सी सकाळीच म्हणाली होती.

“तिला काय करायचीय जमीन? भाचे मलेशियात मळ्यांवर. ते येतायत होय परत!”

“आणि तिला कळलं तर?”

“अकरा वर्षांत नाही कळलं ते आज कळतंय?”

तोंडानं म्हणाला खरा, पण भात तसाच ठेवून उठला होता. झुडपांच्या पलीकडे, जेमतेम हातभर अंतरावर, काकीच्या नवऱ्याची, गास्पारची कबर होती. निळ्या फरशीची. सिरिलुस तिथवर येऊन थांबला होता, आणि थांबणं भागच होतं. गावची रीत आहे, ज्याच्या हद्दीत कबर, त्याच्या घरचं ते माणूस. मृतांच्या दिवशी त्यानं मेणबत्ती लावायची, नव्या भाताचा पहिला घास त्यानं ठेवायचा, त्याच्यानंतर त्याच्या पोरांनी. अशी जमीन विकायचं नाव काढायचं नाही. गिऱ्हाईक डोंगर घेईल, झरा घेईल, दुसऱ्याचा मेलेला माणूस कोण घेतो?

नेला काकी आली. काठी टेकत, तोंडात विडा, डोक्याला चर्चला जातानाचा रुमाल. तिनं आधी कबरीवरचा पाचोळा हातानं सारला, मग साहेबांसमोर उभी राहिली.

“आजी, ही झुडपं हीच हद्द ना? नीट बघून सांगा.”

काकीनं रांगेवरून नजर फिरवली. मग सिरिलुसकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली.

सिरिलुसच्या पायाखालची जमीनच सरकली. मेर्सीनं तोंडाला पदर लावावा तसा सारोंगचा काठ लावला.

“हद्द पुढं आहे,” काकी म्हणाली. “चार हात. कबरीच्या पलीकडे. तिथं ठोका खुंटी.”

साहेबांनी कागद खाली केला. “आजी, अहो, मग कबर ह्यांच्यात जाईल.”

“जाऊ दे.”

“नाही, नाही!” सिरिलुस ओरडलाच. “काकी, असं काय करतेस? तुझी जमीन तुझ्यापाशीच राहू दे!”

“तुझीच आहे रे. घे की.”

“नको मला!”

“नोकरीला वीस वर्षं झाली,” साहेब कपाळाचा घाम पुसत म्हणाले, “जमीन नको म्हणून भांडणारे आजच बघतोय.”

कबर गळ्यात पडली की जमीन संपली, दुकान संपलं, मौमेरे संपलं. आता लाज धरून चालणार नव्हतं.

“साहेब, लिहू नका,” तो म्हणाला. “खरी हद्द इथंही नाही. मागं आहे, त्या बदामाच्या खोडापाशी. झुडपं मी सरकवली. अकरा वर्षं सरकवतोय. काकी, मी चोर आहे, हवं तर गावासमोर थोबाडीत मार. पण ही पट्टी परत घे.”

काकी विडा चघळत राहिली.

“मला काय माहीत नव्हतं?” ती म्हणाली. “त्या रविवारी फादर विचारायचे, सिरिलुस कुठाय? मीच सांगायची, त्याचं पोट बिघडलंय. तू झुडपं रोवून मोकळा व्हायचास. भर उन्हाळ्यात ती जगायची कशी, कधी विचार केलास? झऱ्यावरनं पाणी मी आणायची.”

“का?” सिरिलुसनं विचारलं.

“माझ्यामागं त्याला मेणबत्ती कोण लावणार? म्हटलं, हा दरवर्षी हातभर येतोय, येऊ दे. एक दिवस पोचेल.” ती कबरीच्या कडेवर हळूच टेकली. “पण अजून चार हात उरलेत, बाबा. तुझ्या चालीनं चार पावसाळे लागतील. माझ्यापाशी तेवढे नाहीत.”