काउंटर शून्यावरच

"अजून शून्यच हाय का रे बाबा?" गंगासागरनं विचारलं.

संगमेश्वरनं मान हलवली. बीडमधल्या त्याच्या सायबर कॅफेत दर आठवड्याला तिचा हाच प्रश्न आणि त्याची हीच मान. आपल्या भांड्यांच्या दुकानाच्या वेबसाइटवर तिनं गुपचूप एक पान टाकून घेतलं होतं : 'कावेरी, घरी ये. अप्पा आता रागावलेले नाहीत.' पान किती जणांनी उघडलं ते मोजायला काउंटर.

अप्पा, म्हणजे तिचा नवरा ईश्वरप्पा, चांगलेच रागावलेले होते. लेकीनं वर्षापूर्वी आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची चोरी. आज ते आष्टीच्या बाजाराला जातो सांगून निघाले होते, म्हणून तर गंगासागर निवांत बसली होती.

"काउंटर चालतंय का, बगत कावून न्हाईस?"

संगमेश्वर दुखावला. तरी त्यानं पानाचा कोड उघडला आणि त्याचे कान गरम झाले. काउंटरची ओळ फक्त दुकानाच्या पहिल्या पानावर होती. कावेरीच्या पानावर घालायचीच राहिली होती.

"चुकलंच काकू. आजवर कोणी उघडलं असंल तरी मोजलंच न्हाई."

"म्हंजे तिनं बगितलं असंल?" तिला एकदम हलकं वाटलं. त्याला रागवायचंही ती विसरली.

त्यानं ओळ घातली, पान उघडलं. एक. पुन्हा उघडलं. दोन.

"आता बराबर हाय."

चहा आला. तो संपायच्या आत आकडा तीन झाला.

"तू दाबलं?"

"न्हाई. ज्या कॉम्प्युटरवरनं उघडलं, त्याचा नंबर बाहेरगावचा हाय."

गंगासागरनं डोळ्यांना पदर लावला. पोर कुठंतरी बसून आईचं वाचत होती. तिला एवढंच हवं होतं.

मग चार. संगमेश्वरनं नोंद पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"ह्यो तर आपल्याच कॅफेचा नंबर. मी हातबी लावला न्हाई."

"आत कोण बसलंय?"

"धाकट्या भावानं बसवलंय कुणाला तरी, तो जेवायला गेलाय. पोरं असतील गाणी ऐकत. त्यांना तुमचं पान कशाला लागंल? गंडलंय हे, काकू."

तिचा चेहरा उतरला. मघाचा आकडाही खोटाच म्हणायचा.

तेवढ्यात शेवटच्या केबिनमधून, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तसा, ईश्वरप्पांचा चढा आवाज आला, "उघडलं गं कावेरी, वाचलं. पण माजा राग गेलाय, हे तुज्या आईला कळलं कसं?"