उशिरा येणाऱ्यांची वही

“नाव?”

“केतकी भालेकर. नववी ब.”

शाळेच्या फाटकात उभ्या असलेल्या शिस्तमंत्री ऋजुतानं उशिरा येणाऱ्यांच्या वहीत नाव लिहिलं. मुलगी कितीही ओळखीची असो, नाव विचारूनच लिहायचं, असा त्या कन्याशाळेचा दंडकच होता. जूनमध्ये मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत केतकी ऋजुताकडून चार मतांनी हरली. त्या दिवशीच तिनं बाक बदलला आणि अबोला धरला. पाचवीपासून एका डब्यात जेवलेल्या दोघींमध्ये आता रोजचे हे पाच शब्द तेवढे उरले होते. केतकी आत निघून गेली, की ऋजुता वहीतल्या त्या नावाकडे बघत राहायची.

मार्चमध्ये मंत्रिपदाचा बिल्ला परत करायच्या दिवशी सकाळी शिपाई सुमनमावशींना राहवेना. “तुझी ती केतकी वर्षभर वेळेआधीच येतेय गं. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाआड थांबते आणि घंटा झाली की मग येते.”

ऋजुतानं बिल्ला काढून वहीसकट मावशींच्या हातात दिला. रस्ता ओलांडून ती दुकानाआड केतकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

घंटा झाली, तरी दोघी जागच्या हलल्या नाहीत.

शेवटी केतकीनंच विचारलं, “नाव?”