खालची पापणी

जनावरांच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं मी करडाची खालची पापणी अंगठ्यानं हलकेच ओढली. आत गुलाबी दिसलं, म्हणजे अंगात रक्त चांगलं. दात पाहिले, खूर पाहिले, लस कधी टोचली तेही विचारलं. तरी धीर होत नव्हता. साठी उलटली, पण आजवर घरात मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. हे बुटक्या जातीच्या शेळीचं इवलंसं पिल्लू माझ्या हातून दगावलं तर?

हौसाक्का गोठ्याच्या दारातून सगळं बघत होत्या. गिऱ्हाईक पसंत पडलं नाही तर त्या करडू विकत नाहीत, असं ऐकून होते.

"किती न्यायची?"

"एकच. दोन मला झेपायची नाहीत."

"मग न्हाई देत. एकलं करडू दिसभर वरडतं, चाऱ्याला तोंड लावत न्हाई. घरी कोण असतं?"

"मीच. हे गेल्यापासून दुसरं कुणी नाही."

बोलून बसले. आता या मला परतच पाठवणार.

हौसाक्का जवळ आल्या. त्यांनी माझीच खालची पापणी अंगठ्यानं ओढली आणि उजेडाकडे तोंड वळवून नीट पाहिलं.

"पांढरीफटक हाय की. जेवता का न्हाई?"

"एकटीपुरतं काय शिजवायचं…"

त्यांनी माझ्या हातातलं करडू काढून घेतलं आणि त्याच्या बहिणीशेजारी बांधलं.

"पापणी गुलाबी झाली की या. दोन्ही राखून ठेवते."